कमळाबाईचा शब्द

दाईची पेटी परत करायची पद्धत आमच्या खात्यात नव्हती. दाई म्हातारी झाली की पेटीत सून डाळ-तांदूळ ठेवायची, आणि आम्हीही काणाडोळा करायचो. पण १९८१च्या शिमग्यानंतर आठ दिवसांनी कमळाबाई पोलादपूरला माझ्या टेबलाशी आली आणि तिने पेटी समोर ठेवली. कात्री, दोरा, साबणाची वडी, सगळं जागच्या जागी. "साहेब, बघून घ्या," म्हणाली. मला मान वर करवेना.

मी कुटुंब नियोजनाचा विस्तार शिक्षक. लोकांना पटवणं हाच माझा धंदा, आणि त्याचं मला फार कौतुक होतं.

कमळाबाई खालच्या बौद्धवाडीतली. नवरा मुंबईला गोदीत होता, तो तिकडेच तापाने गेला. सासूच्या हाताखाली ती सुईणपण शिकली, आणि पुढे डोंगरातल्या वाड्यांवरची पोरं तिच्याच हातावर येऊ लागली. एरवी तिला अंगणाच्या कडेला बसवून वरून ओंजळीत पाणी ओतणारी माणसं कळा सुरू झाल्या की तिचा हात धरून तिला माजघरात न्यायची. बाळ झालं, की पुन्हा अंगणाची कड. "राग नाही येत?" मी एकदा चिडून विचारलं. "येतो की. पण राग घेऊन आत गेलं तं हात कापतो, साहेब," ती म्हणाली. अशा हातांनी बावीस वर्षांत तिने एकच गोष्ट कमावली होती. कमळाबाईने सांगितलं की वाडी ऐकायची.

त्या कमाईवर मी डोळा ठेवला.

७६ साल होतं. नसबंदीचा आकडा भरला नाही तर आमची धडगत नव्हती. मी दायांचा वर्ग घेतला आणि ट्रेनिंगमध्ये शिकलेलं ज्ञान त्यांच्यापुढे पाजळलं. पटवणं म्हणजे तीन पायांची तिवई, असं फळ्यावर काढून दाखवलं. एक पाय, बोलणाऱ्यावरचा विश्वास. दुसरा, डोक्याला पटेल असं कारण. तिसरा, काळजाला हात. आणि वर आपल्या पदरचं शहाणपण जोडलं, "समोरच्याला शंका आली की अडखळायचं नाही. सरळ शब्द द्यायचा."

कमळाबाई फळ्याकडे बघून म्हणाली, "पयला पायच खरा, साहेब. बाकीचे दोन त्याच्या जिवावर उभे." बाया हसल्या. मीही हसलो.

मग आम्ही वरच्या वाडीत मुरारीच्या अंगणात गेलो. मुरारीला एक मुलगा, एक मुलगी. कमळाबाई बोलू लागली आणि मी नुसता बघत राहिलो. "तुझी दोनी पोरं या हातावर आली, मुरारी. मी तुला खोटं सांगन काय?" मग कारण, की उतारावरची वरकस जमीन तेवढीच, खाणारी तोंडं वाढली तर नाचणी कुठून आणणार. मग काळीज. मुरारीच्या आईची, रंगूबाईची, चार पोरं कशी हातची गेली हे तिने नावं घेऊन सांगितलं. रंगूबाईने डोळ्याला पदर लावला. मुरारीने एकच विचारलं, "आन् या दोघांना काय झालं तं?"

कमळाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"काय व्हनार नाय," ती म्हणाली. "मी हाय ना."

मुरारी शिबिराला आला. त्याच्यामागून वाडीतले आणखी नऊ जण आले. वरून मला शाबासकीचं पत्र आलं. दोन वर्षांनी गोवराच्या साथीत मुरारीचा मुलगा गेला. तेरा दिवस झाल्यावर कमळाबाई भेटायला वर गेली, तर तिला कुणी अंगणाच्या कडेलाही बसवलं नाही. रंगूबाई एवढंच म्हणाली, "तू हायेस ना? मंग दे माझा नातू."

तिच्याशिवाय दुसरी सुईण नव्हती म्हणून बाळंतपणाला बोलवायचे. पण घरातली दोन माणसं तिच्या हातांवर नजर ठेवून बसायची.

८१च्या त्या शिमग्याला मुरारीची भावजय तुळसा बाळंतपणात अडली. पहिली मुलगी, हे दुसरं. तिचा नवरा, मुरारीचा धाकटा भाऊ येसाजी, सणाला मुंबईहून आलेला. आदल्या संध्याकाळपासून कळा होत्या आणि सकाळी बाळाचा हातच बाहेर आला. कमळाबाईने तिथल्या तिथे सांगितलं, डोली बांधा, महाडला न्या. कुणी हललं नाही, तेव्हा तिने खाली मला निरोप धाडला, की साहेब, गाडी घेऊन या, तुमच्या सांगण्याने तरी ऐकतील. मी जीप रस्त्याला उभी करून चढ चढलो आणि एकच्या सुमाराला वर पोचलो.

माझं येणं हीच घोडचूक झाली.

"बघा," रंगूबाई अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली. "दुसरं पोर भुईला टेकलं नाय तवर आपरेशनवाला सायेब हजर. एका ल्येकाचा वंश बुडवलास, कमळे. आता दुसऱ्याचा?"

"हास्पिटलात एकदा सही घेतली की खतम," येसाजी म्हणाला. "रिस्क नको."

शिमग्यामुळे चाकरमानी घरी होते. डोली उचलायला आठ तगडे पुरुष अंगणात बसलेले, आणि डोली उचलायची नाही हे ठरलेलं.

कमळाबाई उभी राहिली. "माझ्या शब्दावर जाऊ नका. आत जाऊन डोळ्यांनी बघा. हात आधी आला की पोर वळत नाय. अशा तीन बाया बघितल्या मी. दोन खाली नेल्या, त्या जगल्या. एक घरी ठेवली, ती गेली." मग ती रंगूबाईच्या पायांवर पडली. रंगूबाईने पाय मागे घेतले. आतून तुळसाचा आवाज आला, "आत्याबाय, न्या गो मला." ज्याचं दुखतं त्याला कुणी विचारत नाही. मी कागदावर लिहून देतो म्हणालो, ऑपरेशन करणार नाही. ते हसले. कागद म्हणजे तर सहीच की!

शेवटी कमळाबाई घरामागे गेली. मीही गेलो. मुरारी गोठ्याच्या भिंतीला टेकून बसला होता. शेजारी डोलीसाठी तोडलेला बांबू पडलेला, ताजा, हिरवा.

"मुरारी, माझं नाय ऐकत कोण. तुझं ऐकतील. एक शब्द बोल, बाबा."

त्याने बांबूकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू खरी बोलतीस ता मला ठाव हाय. म्हनून तं बांबू तोडला." त्याने बांबू बाजूला ढकलला. "पन तीन वरसं तुझ्यावर राग धरून जगलोय, कमळाबाय. आज तू खरी हाय म्हनून सांगितलं, तं माझा पोरगा गेला त्याचा राग मी कुनावर धरू?"

कमळाबाईने माझ्याकडे बोट दाखवायला हवं होतं. त्या रागाचा खरा धनी तिथेच, दोन हातांवर उभा होता. तिने दाखवलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. आयुष्यभर लोकांना पटवत आलेला मी, त्या एका क्षणी मला साधं "हिला मी शिकवलं" एवढं म्हणता आलं नाही. ती वळली आणि तुळसापाशी आत जाऊन बसली.

चारच्या सुमाराला तुळसा गेली. बाळही पोटातच गेलं.

बायकांनी गळा काढला. कमळाबाई मागच्या दाराने बाहेर आली, हात धुतले आणि पेटी उचलून अंगणाच्या कडेला उभी राहिली. तेव्हा मुरारी तो बांबू घेऊन पुढे आला. तिरडीला लागणार होता.

"कमळाबाय खरं बोलत व्हती," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "सकाळीच खाली न्यायला पायजे व्हती."

ना त्याने कारण दिलं, ना कुणाच्या काळजाला हात घातला. अंगणातल्या माना हलल्या. येसाजीने तोंड झाकून घेतलं. रंगूबाईसुद्धा "व्हय रे बाबा, व्हय" म्हणत खाली बसली.

"कशावरून?" असं एकानेही विचारलं नाही.