ग्लायसीनचं गाऱ्हाणं

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की ती आधी देवासमोर जाते आणि बाबा तिच्यासाठी गाऱ्हाणं घालतात. मिक्सर गेला, माझ्या मुलीचा पहिला मोबाइल गेला. फ्रिज काही देव्हाऱ्यापर्यंत पोचेना, तेव्हा देवांनाच उचलून फ्रिजवर बसवलं होतं. त्यामुळे यंदा जिमच्या शेजारच्या दुकानातून आलेला पांढऱ्या पावडरचा डबा देवासमोर बसला, यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही. डब्यावर दंड फुगवलेल्या उघड्या माणसाचं चित्र होतं. तेवढं मी फुलांनी झाकलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे देवाला केलेली विनंती, पण मालवणी माणसाच्या तोंडी ती विनंती कमी आणि दमदाटी जास्त असते. घरातला वडीलधारा माणूस नारळ ठेवून एकेक मागणं मोठ्यानं मांडतो आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून दुजोरा द्यायचा. दुजोरा नसेल तर मागणं देवापर्यंत जात नाही, असं बाबा मनापासून मानतात. आईनं लग्नानंतर हे लगेच हेरलं होतं. न पटणाऱ्या मागण्याला ती तोंडच उघडायची नाही. गिरणीतली नोकरी सुटल्यावर बाबांनी एकदा देवाकडे स्कूटर मागितली. आई देवाकडे बघत गप्प. बाबांनी पुन्हा मागितली, आई पुन्हा गप्प. शेवटी स्कूटरच्या जागी शिलाई मशीन आलं, तेव्हा तिचा "व्हय म्हाराजा" चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला.

ती आई गेल्या वर्षी गेली.

त्यानंतर बाबांनी दोन गोष्टी सोडल्या, झोप आणि भांडण. झोपेचं मी समजू शकत होते. भांडण सोडलं म्हटल्यावर मात्र मी घाबरले. आमच्या नाहूरच्या सोसायटीत पाण्यावरून, पार्किंगवरून, कुणाच्या कुत्र्यावरून बाबांनी कधी कुणाची गय केलेली नाही. आता लिफ्ट बंद पडली तरी ते मुकाट जिने चढायचे. सगळ्या तपासण्या करून झाल्या, कशात काही नाही. सकाळी "बाबा, झोप लागली?" असं विचारलं की उत्तर एकच, "नाय." आणि एक दिवस पेपर वाचता वाचता त्यांनी जाहीर करून टाकलं, "गणपतीक गावाक गेलंय काय परत येवचंय नाय. थंयच रवतलंय."

गावचं घर वर्षभर बंद असतं. वाडीत उरलेले शेजारी बाबांहून म्हातारे. ऐंशी ओलांडलेला माणूस तिथे एकटा पेज कशी रांधणार, पडला तर कुणाला बोलावणार? मला राग आला, रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी भांडी आपटली. माझा नवरा जहाजावर असतो. तो फोनवर म्हणाला, "जाऊ दे ना, मोकळी हवा मिळेल त्यांना." हवा भरून ठेवायला ते काय फुगा आहेत? मी फोन ठेवून दिला.

शेवटी मुलीनं मध्ये उडी घेतली. ती अंधेरीला ऑफिसात जाते, परत येताना मुलुंडला जिममध्ये जाते आणि उरलेल्या वेळात आम्ही काय खाऊ नये ते सांगते. तिनं तो डबा बाबांच्या पुढ्यात ठेवला.

"आजोबा, डील करू या. गणपतीपर्यंत हे घ्यायचं. झोप नाही लागली तर तुमचं सामान मी स्वतः भरून देते. लागली तर इथेच राहायचं."

"ह्यां काय आसा?"

"ग्लायसीन. अमिनो आम्ल. म्हणजे प्रोटीनची भिंत असते ना, तिच्यातली एक वीट. आपल्या अंगातही असतं ते. झोपायच्या आधी घेतलं की काही लोकांना शांत झोप लागते. दुसरी वीट ट्रिप्टोफॅन. तिच्यापासून मेंदू झोपेचं आणि मूडचं रसायन बनवतो. पण ती मी विकत आणलेली नाही, ती जेवणातून मिळते. अंडी, दही, शेंगदाणे, मासे."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "मासे? बांगडो चलता?"

"चालतो काय, धावतो."

आई गेल्यापासून ते ताटात बोटं फिरवून उठायचे. वर्षभरात जेवणाविषयी त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी त्याच संध्याकाळी भांडुपच्या बाजारात जाऊन बांगडे आणले आणि नेहमी घालते त्याहून जास्त मिरच्या घातल्या.

बाबांना प्रेशरच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी डबा उघडू दिला नाही. डॉक्टरांनी तो उलटसुलट करून वाचला. थोडं थोडं द्यायला हरकत नाही, पण चमत्काराची वाट बघू नका, असं म्हणाले. बाबा घरी येताच म्हणाले, "चमत्कार करणां डॉक्टरचा काम नाय, देवाचा आसा. नारळ काढ." वर्षभर घरात सण नव्हता, त्यामुळे गाऱ्हाणंही नव्हतं. बाबा नारळाची शेंडी पुन्हा पुन्हा नीट करत बसले, आणि मी स्वयंपाकघरात काही नसताना काहीतरी शोधून आले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि मुलगी ओरडलो. आवाज आईच्या निम्माही नाही.

"आज ह्या चेडवान जी काय पावडर हाडल्यान आसा, ती खरी आसली तर तिका गुण येवंदे, आणि खोटी आसली तर दुकानदाराचा वाटोळा कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि माझी झोप गावली नाय, तर माका गावाक जावची वाट मोकळी कर, रे म्हाराजा!"

मुलीनं उत्साहाच्या भरात एकटीनंच "व्हय म्हाराजा" ठोकून दिलं. मी तिला चिमटा काढला, पण तोवर देवानं ऐकलं होतं.

ग्लायसीन गोड असतं, हे मुलीनं आम्हाला सांगितलंच नव्हतं. पहिला चमचा पाण्यातून प्यायल्यावर बाबांनी ग्लासाचा तळ बोटानं निपटून चाटला. आईनं कधीच त्यांची साखर तोडली होती आणि तिच्यामागे मीही तो कडक कारभार चालवला होता. आता घरात कायदेशीर गोड आलं म्हटल्यावर ते झोपायच्या वेळेची वाट बघेनात. पावडर कोऱ्या चहात पडू लागली. मी डबा वरच्या फळीवर चढवला, तर त्यांनी शेजारच्या उंच काकांना बोलावून तो उतरवून घेतला आणि लाच म्हणून त्यांनाही तोच चहा पाजला. मग डबा माझ्या कपाटात कुलपात गेला. झोपायच्या आधी मी चमचा भरून द्यायचा आणि बाबांनी, चमचा सपाट आहे की शिगोशीग, यावर वाद घालायचा, असं ठरलं.

ट्रिप्टोफॅन हा शब्द त्यांनी माझ्याआधी पाठ केला. उठसूट त्याच्या नावानं मागण्या सुरू झाल्या.

"सोलकढीत ट्रिप्टोफॅन आसता?"

"नाही, आजोबा."

"तरी पण बांगड्याच्या सोबतीक वायच असूंदे. तेका एकट्याक करमाचा नाय."

एका सकाळी खालून आरडाओरडा ऐकू आला. गॅलरीत जाऊन बघते तर बाबा पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडत होते, हातवारे करून, अगदी पूर्वीसारखे. टँकरवाल्याचं काही चुकलेलं दिसत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले आणि डाळीची पार वाट लागली.

म्हणजे मूडचं जमलं होतं. झोपेचा विषय काढला की मात्र रोज तेच उत्तर, "नाय. डोळ्याक डोळो लागलो नाय." आणि असं सांगताना चेहरा इतका साधा की मला संशय आला. हा माणूस आमच्याशी डाव खेळत होता. मुलीनं त्यांच्या पलंगाखाली फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला.

सकाळी नाश्त्याला तिनं तो वाजवला. काय ते घोरणं! कप हलले नाहीत इतकंच.

"ह्यो सोसायटीचो पंप आसा," बाबा म्हणाले.

"पंप मध्येच खोकतो, आजोबा?"

"जुनो झालो आसा."

आम्ही हसत होतो. मुलगी रेकॉर्डिंग पुढे पुढे नेत होती आणि बाबा अंड्याच्या पोळीत तोंड लपवत होते. मग घोरणं थांबलं. पहाट झाली असावी, कारण मागे कावळे ओरडत होते. पलंग करकरला आणि बाबांचा झोपाळलेला आवाज आला, "गो, चाय टाक."

त्यानंतर फोनमधून बराच वेळ फक्त कावळे ऐकू येत होते.

मुलीनं फोन उलटा ठेवला. बाबांनी घास गिळला आणि ताटाकडे बघतच बोलले, "पडान जागो रवलंय, तर ती गेली ह्यां लक्षात रवता. झोपान उठलंय काय इसारतंय. हाक मारतंय. आणि मगे ती परत पयल्यापासून जाता." मग ताट बाजूला सारून म्हणाले, "गावाक तसा नाय. थंय ती माझ्या आधी उठान विहिरीर गेलेली असायची. थंय तिका हाक मारूची सवय नाय माका."

मला खूप वाईट वाटलं, आणि त्यात त्या पावडरचाही राग आला. डॉक्टर चमत्कार होणार नाही म्हणाले होते. झाला होता, पण तो बाबांना रोज सकाळी महागात पडत होता.

"तू जिंकलंस गो," ते नातीला म्हणाले. "पण माका जावंदे."

जिंकलेल्या मुलीनं रडत रडत हरलेल्या आजोबांचं सामान भरलं. आमच्या दोघींच्या बॅगा गणपतीपुरत्या होत्या आणि बाबांची लोखंडी ट्रंक कायमची होती. तिच्यात आईचा फोटो सगळ्यांत वर होता. डबा मी कपाटातच ठेवला. निघायच्या दिवशी रिक्षा खाली येऊन उभी राहिली, बस चेकनाक्यावरून सुटणार होती. प्रवासाला निघताना गाऱ्हाणं घालायचंच, म्हणून बाबा नारळ घेऊन देवासमोर उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरां गावाक निघाली आसत, तेंची वाटेतली इडापिडा दूर कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यां म्हातारां लेकरू आता कायमचां थंयच रवतलां, तेका सुखान रवंदे, रे म्हाराजा!"

मुलीनं सवयीनं तोंड उघडलं. मी त्यावर हात ठेवला आणि देवाकडे बघत गप्प उभी राहिले.

खाली रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. बाबांनी मागणं पुन्हा मांडलं, आधीपेक्षा मोठ्यानं. मी गप्पच. दुजोऱ्याशिवाय नारळ फोडता येत नव्हता आणि नारळ फोडल्याशिवाय निघता येत नव्हतं. त्यांनी वळून माझ्याकडे रागानं पाहिलं.

"आवशीची खोड घेतलंस."

"हो, आईचीच घेतली," मी म्हटलं. "बस चुकली तरी चालेल."

बाबा देवाकडे वळले. आतल्या आत काहीतरी पुटपुटले, बहुतेक शिवी असावी. मग खाकरून म्हणाले, "बरां तर. गणपती झाले काय ह्या लेकराक परत नाहुराक हाडून सोड, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघी अशा किंचाळलो की समोरच्या घराचं दार उघडलं.

आता ते नारळ फोडतील असं मला वाटलं. पण ते तसेच उभे राहिले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, "आणि सकाळी ह्या लेकराक जाग येवच्या आधी घरातल्या कोणीतरी तेका हाक मारूंदे. म्हणजे तेच्यार कोणाक हाक मारूची पाळी येवची नाय, रे म्हाराजा."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मुलगीही नाक ओढत होती. बाबांनी वाट पाहिली, आणखी जरा पाहिली, आणि मग नारळ हातात धरून वैतागून मागे वळले.

"आता ह्यां पण नाय काय गो?"