चौकशी नावाची घोडी

आत्याच्या तबेल्यामागचं कुंपण बघून भंगारवाल्यालाही घरी आल्यासारखं वाटलं असतं. मोडकी छत्री, चाक नसलेली सायकल, गंजका पाळणा, वाऱ्यावर फडफडणारी निळी ताडपत्री. या पसाऱ्यातच तिची अरबी शिंगरं मोठी व्हायची.

"लोक घोड्यांना गवत घालतात. ही छत्र्या घालते," दादा म्हणायचा. दादा तिचा थोरला भाऊ. तबेल्यात त्याचा वाटा निम्मा, कुरकुरीत सगळा.

"छत्री उघडल्यावर पळतं ते विकायचं. येऊन नाक लावतं ते ठेवायचं," आत्या म्हणायची. "दिवसभर डोंगर तुडवायचे, तर दचकण्यात ताकद घालवून कसं चालेल? पाय काय, सगळ्याच अरबी घोड्यांना असतात."

तिच्याकडचे घोडे सकाळी गाडी ओढायचे, दुपारी शाळकरी पोरं पाठीवर घ्यायचे आणि वेळ आली की लांबच्या दौडीलाही उतरायचे. त्यांतली सगळ्यात आगाऊ ती राखाडी घोडी. कान असे, की गाढवाच्या मामाकडून आले असावेत. आल्यागेल्याच्या खिशात तोंड घालायची, म्हणून तिचं नाव पडलं चौकशी. आत्याला तिचाच वंश वाढवायचा होता. दादाने मात्र तिच्यासाठी गिऱ्हाईक गाठलं होतं.

"एकच दौड," शेवटी दादा म्हणाला. "शेवटच्या तपासणीत पास झाली तर राहू दे, होऊ देत तिची शिंगरं. नाही झाली, तर मी फोन करणार आणि तू तोंड उघडायचं नाहीस."

दौडीच्या दिवशी चौकशीवर बसली दादाचीच मुलगी. दोघी पोचल्या सगळ्यांच्या शेवटी. त्याची आत्याला फिकीर नव्हती, पोचणं पुरेसं होतं. पण खरं घोडं पुढेच पेंड खात होतं. अर्ध्या तासात नाडी चौसष्टच्या आत आणून घोडी डॉक्टरांपुढे उभी करायची, आणि तीही एकदाच. जास्त भरली की सगळी दौड बाद.

खोगीर उतरलं. मानेवर पाणी ओतून झालं. आत्याने ठोके ऐकायची आपली नळी घोडीच्या छातीला लावली.

"किती?" भाचीने विचारलं.

"सत्तर."

थोड्या वेळाने पुन्हा सत्तर.

"दमलीय ती," दादा म्हणाला. त्याचा आवाज मात्र विजयाचा नव्हता.

आत्या मागे सरकून बघत राहिली. दमली म्हणावं, तर बरगड्या संथ हलत होत्या. पोट बोलत होतं, पाणीही प्यायली होती. मग हे काळीज कशासाठी धावतंय? तिने कान बघितले. दोन्ही कान मागे वळलेले. भाचीने घोडीला शांत वाटावं म्हणून तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं होतं.

पाठीमागे एक माणूस शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा सोडत होता. कमान उसासे टाकत, डुलत खाली बसत होती.

"अगं, तिने दरवाजा झोपताना कधी पाहिलाय?" आत्या म्हणाली. "सोड भिंत. चल तिकडे."

"आता चालवलीस तर आणखी वाढेल," दादाने लगामावर हात ठेवला. "वेळ किती उरलाय बघ तरी."

"दादा, हात काढ."

त्याने काढला.

चौकशी मान ताणून कमानीपाशी गेली. फुरफुरली. प्लास्टिकला नाक लावलं, ओठांनी एक कोपरा उचलून पाहिला, टाकला. कमानीने शेवटचा उसासा सोडला. घोडी क्षणभर थांबली, मग तिने तोंड हलवलं, मान खाली सोडली आणि प्रेक्षकांच्या देखत लांबलचक जांभई दिली.

आत्याने नळी लावली. ओठ मिटून मोजलं. लगाम भाचीच्या हातात दिला आणि डॉक्टरांच्या टेबलाकडे बोट केलं.

"अठ्ठावन्न," डॉक्टर म्हणाले. "आता जरा दुडकी चालवा."

भाची घोडीला घेऊन पळत गेली, तशीच परत आली. चाल सरळ, कुठे लंगडणं नाही.

"पास. फक्त तिला माझ्या खिशातून बाहेर काढा."

आत्याने दादाकडे पाहिलं नाही. तिला त्याला चिडवायचं होतं आणि डोळे भरून आले होते, एका वेळी दोन्ही जमेना. मागून त्याचा आवाज ऐकू आला. तो कमान गुंडाळणाऱ्या माणसाशी बोलत होता.

"काय हो, ही जुनी झाली की तुम्ही टाकूनच देत असाल ना? आमच्या पोरांना हवी होती."

"किती वर्षांची आहेत पोरं?"

"अजून व्हायचीयत," दादा म्हणाला.