पहिला गिलास दादाचा

आमच्या दादाच्या दुधाच्या धंद्याला कधी पाटी नव्हती. त्याचं पोट हीच पाटी, असं चौकातले लोक म्हणायचे आणि तोही पोटावरून हात फिरवत ते मान्य करायचा. जे दूध पिऊन मालक असा झालाय, त्या दुधात पाणी कसं असेल?

रोज संध्याकाळी तो म्हशी घेऊन आमच्या पेठेतल्या कट्ट्यावर येतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसाळलेला गिलास तसाच गरम त्याच्या हातात देतो. तालमीतून सुटलेली पोरं, ऑफिसातून घरी निघालेले लोक, नातवाला खांद्यावर घेतलेले आजोबा, सगळे तिथे उभ्याउभ्या दूध पितात. मी त्याची धाकटी बहीण. मला दिलंय दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे किटली घेऊन मी रोज तिथे असतेच.

वडिलांनी घालून दिलेला एक नियम आहे. पहिला गिलास मालकानं सगळ्यांसमोर प्यायचा, एका दमात. आपण पितो तेच लोकांना देतो, हे तोंडानं सांगायची मग गरज राहत नाही. आणि कट्ट्यावर काढलेलं दूध घरी परत न्यायचं नाही. उरलं तर तेही मालकाच्याच पोटात. वडील हे पाळून शेवटपर्यंत काटक राहिले, कारण म्हशींमागे ते रोज कुरणापर्यंत चालत जायचे. दादाच्या वेळेपर्यंत त्या कुरणात प्लॉट पडले आणि वैरण टेम्पोतून दारात यायला लागली. गिलास मात्र तसाच चालू राहिला.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. कपाळावर पांढरा चांद असलेली एक म्हैस आहे आमच्याकडे, भारी मानी. दादाशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताला ती पान्हा सोडत नाही. वहिनींनी गूळ चारून पाहिला, तरी नाही. त्या संध्याकाळी दादानं तिची धार काढली, चरवी बाजूला ठेवली आणि उठायला गेला, तर त्याला उठताच येईना. गुडघे वळेनात, दम लागलेला, एक हात म्हशीच्या पोटावर टेकलेला. शेवटी दोघांनी काखेत हात घालून त्याला ओढून बाहेर काढलं. त्यातला एक आमच्या कट्ट्यावरचा बुलेटवाला. आवाज असा की चौकाच्या त्या टोकाला ऐकू जावा, आणि दादाच्या तोडीस तोड पोट. तो ओरडला, "मालक, आता म्हशीला सांगा, तूच बस खाली, मी उभ्यानं काढतो!"

सगळा कट्टा हसला. दादा सगळ्यांत मोठ्यानं हसला. पण मी त्याची बहीण आहे, त्याचं खरं हसू मला माहीत आहे आणि ते हे नव्हतं. म्हशी घेऊन घरी निघताना तो मला म्हणाला, "धारंला बसता येईना झालं की मी संपलो बघ. ही दुसऱ्या कुणाला द्यायची न्हाय दूध. इकावी लागंल."

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कोमट पाण्यात लिंबू घ्या. रात्रीचा भात सोडा. पहाटे तळ्याला फेऱ्या मारा. फुकटचा वैद्य आमच्या गावात प्रत्येक गल्लीत सापडतो. पण डॉक्टरांचं नाव काढलं की सगळ्यांचं एकच, "वजनाला कसला डॉक्टर? तोंड आवर की!" जणू जाड माणसाला हे कधी सुचलेलंच नसतं. मला याचा इतका संताप यायचा, की एकदोघांना मी तिथल्या तिथे सुनावलंही. दादानं मात्र सगळं करून पाहिलं. भात सोडला, अर्ध्या भाकरीवर आला, पहाटे फेऱ्या मारल्या. काटा काही हलेना. उलट चालून चालून गुडघे जास्त सुजले, आणि माझा शांत भाऊ पेंडीच्या पोत्यावरही चिडायला लागला.

तिढा सोडवला वहिनींनी. मी त्यांच्याकडे गेले होते. गोठ्यात गुरांचे डॉक्टर आलेले, कारण एका म्हशीनं सकाळपासून रवंथ केला नव्हता. दादा त्यांच्यामागे हात बांधून उभा, तोंड एवढंसं झालेलं. डॉक्टर औषध देऊन गेले आणि वहिनी शेणाचे हात धूतधूत म्हणाल्या, "वन्सं, इचारा जरा तुमच्या दादांस्नी. म्हशीनं रवंथ केला न्हाय म्हणून तिला कुणी म्हणालं का, तोंड आवर म्हणून?"

दादा म्हणाला, "आगं, ती मुकं जनावर हाय."

"आणि तुम्ही बोलकं असून काय उजेड पाडलाय? गुडघं दुखत्यात म्हणून एका शब्दानं सांगितलासा का? रात्री घोरता घोरता श्वास अडकतोय, मी उठून बसते, ते तरी ठावं हाय का?"

दादा म्हशीच्या पाठीवर थोपटायला लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या येतीस का संगं?"

वजनाचाच इलाज करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आमच्याच गावात आहेत, असं मी ऐकलं होतं. आम्ही तिघं गेलो. दादा इस्त्रीचा शर्ट घालून, पोट आत ओढून बसला होता. बाईंनी विचारलं, दिवसभरात काय काय खाता? दादानं प्रामाणिकपणे सगळं सांगितलं, सकाळची चटणी-भाकरी, दुपारची अर्धी भाकरी, रात्री आमटी. अर्धं बिस्कीटसुद्धा लपवलं नाही. बाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. मग त्यांनी धंदा विचारला, आणि पेन खाली ठेवलं.

"आणि दूध?"

"दूध? पितो की," दादा म्हणाला. "पण ते काय खाणं न्हवं, डॉक्टर."

त्याला खरंच तसं वाटत होतं. वहिनींना आणि मलाही! घर एवढा विचार करत होतं, भात मोजत होतं, आणि आमच्यापैकी कुणालाही दूध आठवलं नव्हतं. पाणी पितो, दूध पितो, त्यात काय सांगायचं? बाई हसल्या नाहीत. त्याही इथल्याच असणार. त्यांनी पहिल्या गिलासापासून उरलेल्या चरवीपर्यंत सगळं शांतपणे विचारून घेतलं. म्हणाल्या, "फक्त दुधानं झालेलं नाही हे. साखर तपासू, थायरॉइड तपासू, झोपेचं बघू. औषध लागेल की नाही ते त्यानंतर. पण एक ऐका. लाजण्यासारखं तुम्ही काहीही केलेलं नाही." दादानं इतका वेळ ओढून धरलेलं पोट तेव्हा सोडलं.

निघताना बाई म्हणाल्या, "पहिल्या गिलासातला एखादा घोट घ्यायला हरकत नाही. नियमही राहील." मला वाटलं, चला, सुटलो. पण जिना उतरताना दादा म्हणाला, "घोटभर पिऊन गिलास खाली ठेवायचा म्हंजे नाटक झालं. लोकांनी काय समजायचं? प्यायचा तर अख्खा. न्हायतर सांगून सोडायचा."

"सांगून?" वहिनी दचकल्या. "अवो, गिऱ्हाईक म्हणंल, मालकच पीना झालाय, म्हंजे दुधात काय तरी हाय."

"म्हणू दे," दादा म्हणाला.

त्या संध्याकाळी मी किटली घेऊन लवकर गेले. दादानं चांदवाल्या म्हशीजवळ वहिनींच्या स्वयंपाकघरातला पाट ठेवला, त्यावर हळूच बसला आणि धार काढली. पहिला गिलास भरला. सवयीनं सगळे त्याच्याकडे बघायला लागले. दादा म्हशीला धरून उठला आणि म्हणाला, "पावणं, ऐका. माझं वजन लई वाढलंय. आज डॉक्टरला दावून आलोय वजनासाठी. आजपासनं पहिला गिलास मी पिणार न्हाय, उरलेलं बी न्हाय. दूध तेच हाय. ज्याला शंका असंल त्यानं पिऊ नये, माझा राग न्हाय."

मी माझ्या भावाला पोरांच्या भांडणात पाहिलंय, वडिलांच्या तिरडीखाली खांदा देताना पाहिलंय. पण इतका मोठा तो मला कधी दिसला नव्हता. पोट लपवणारे पुष्कळ असतात, आणि हा गडी भर चौकात ते सांगून मोकळा झाला.

मी बुलेटवाल्याकडे बघितलं. आता हा काहीतरी बोलणार, आणि मग मीही बोलणार होते. पण तो पुढं आला, दादाच्या हातातला गिलास घेतला, एका दमात प्याला, मिशी पुसली आणि म्हणाला, "गोड हाय." मग रोजच्यासारखे हात पुढे व्हायला लागले. दोन गिऱ्हाइकं मात्र पुढच्या कट्ट्याकडे गेली, ती अजून परत आलेली नाहीत.

औषध चालू आहे. दादाचं वजन मुंगीच्या पावलानं उतरतंय आणि पाट अजून लागतो. पण चांदवाली विकावी लागलेली नाही.

कट्ट्यावर सांगितलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात दादाला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. मी सकाळी गोठ्यावर गेले, तर दारात बुलेट उभी आणि बुलेटवाला इस्त्रीचा शर्ट घालून, पोट आत ओढून उभा. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. दादाला म्हणाला, आणि इतक्या हळू, की मला क्षणभर वाटलं दुसराच कुणी बोलतोय, "मालक, मला बी रातचं झोपल्यावर श्वास अडकतोय. पोरगी रडत्या."

त्या दिवशीचा टोमणा परत करायची याहून चांगली वेळ दादाला मिळाली नसती. दादानं बादली खाली ठेवली, हात धुतले.

"चला पावणं," तो म्हणाला, "नंबर लावायला पायजे. आणि पोट सोडा आता. बाई काय बोलत न्हाईत."