वेंडेलचे हातमोजे

वाळवंटातल्या टूसॉनच्या उन्हाचं नेटो वियाएस्कुसाला कधी काही वाटलं नाही. पण खण उघडला आणि ते पांढरे सुती हातमोजे दिसले, की या वयातही त्याला भरून येतं. वेंडेल हॅस्किन्सच्या बायकोने नवऱ्याच्या माघारी ते पाठवले होते.

त्यांच्या कारखान्यात दुर्बिणीचा अजस्र आरसा नीट घासला जातोय की नाही, हे वर टांगलेल्या एका नळीतून कळायचं. नळीत तीन भिंगं. त्यांच्यातलं अंतर केसाएवढं जरी चुकलं, तरी आरसा अगदी मन लावून चुकीचा घासला जाणार. म्हणून रिवाज असा, की भिंगं एकाने बसवायची आणि अंतर दुसऱ्याने तपासायचं, पहिल्याच्या वहीत न डोकावता. मोजायचा पितळी गज रात्रभर नळीशेजारी ठेवायचा, आणि हातमोज्यांशिवाय त्याला शिवायचं नाही. हाताच्या उबेनेही पितळ वाढतं.

हे सगळं वेंडेलनेच शिकवलेलं. पहिल्याच दिवशी तो खेकसला होता, "माझ्यावर विश्वास ठेवलास तर याद राख!"

पुढे कित्येक वर्षांनी, एका जुलैत, वेंडेलच्या शेवटच्या आरशाची भिंगं नेटोने तपासली. अंतर जास्त. तीनदा मोजलं, तीनदा तेच. मग त्याची नजर फळीवर गेली. वेंडेलचे हातमोजे घडी न मोडता पडून होते. संधिवाताने म्हाताऱ्याची बोटं वाकडी झाली होती. नेटोच्या आईने पाठवलेला, पोळीत गुंडाळलेला बरिटोही तो हल्ली दोन्ही हातांनी धरायचा. बोलावं तर त्याच्याकडून काम काढून घेणार, गप्प बसावं तर आरसा वाया जाणार.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच तो म्हणाला, "वेंडेल, तुमचं अंतर जास्त आहे."

"किती?"

"केसाएवढं."

वेंडेलने आपले वाकडे हात पुढे केले. "हातमोजे चढत नाहीत रे. सांगायची लाज वाटली. थांब, साहेबाला मीच सांगतो." तो सांगून आला आणि म्हणाला, "उद्या तू बसव. मी तपासतो."

"तुम्ही? अहो, पण..."

"पण काय? माझा चेला म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवू होय?"

दुसऱ्या दिवशी नेटोने भिंगं बसवली. मग वेंडेलसमोर बसून त्याच्या एकेका बोटावर हातमोजा चढवला. पाव तास लागला. वेंडेलने सावकाश मोजलं, पुन्हा मोजलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

संध्याकाळी हातमोजे उतरवायला नेटो पुढे झाला, तर वेंडेलने हात मागे घेतले आणि तो हातमोजे घालूनच घरी गेला.