लाल दिवा आणि सल्ल्याचा चहा

सोनईहून घोडेगावकडे निघालं की डाव्या हाताला उस्मानभाईचं गॅरेज लागतं. त्याला लागूनच माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान. माणसं माझ्याकडे फिल्टर घ्यायला येतात, तो बसेपर्यंत बाहेरच्या बाकावर टेकतात आणि उठताना काहीतरी सांगून जातात. फिल्टर संपतात, सांगितलेलं साठत राहतं. क्लचचे किस्से वेगळे, गिअरचे वेगळे. ब्रेकचे किस्से फारसं कुणी हसत सांगत नाही. सगळ्यात जास्त जमलेत ते ऑईलच्या लाल दिव्याचे.

जुनी गाडी चांगली तापली आणि उभी राहून नुसती चालू असली, की कधीकधी डॅशबोर्डवर हा दिवा लागतो. इंजिनात ऑईलचं प्रेशर कमी झालंय, असं तो सांगत असतो. ऑईल पोचलं नाही की लोखंडावर लोखंड घासतं आणि इंजिन बसतं. एवढंसं त्याचं म्हणणं. पण ते ऐकून माणसं काय काय करतात ते बघण्यासारखं असतं.

*

बापू दूधवाल्याचंच घ्या. वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून तो राहुरीला नेतो. त्याच्या टेम्पोचा दिवा लागायला लागला तेव्हा त्याने बायकोच्या टिकल्यांच्या पाकिटातली मोठी टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली. पुढे इंजिन बसलं. दुसऱ्या टेम्पोला दोर बांधून तो गाडी ओढत घेऊन आला.

"दिवा लागला नव्हता का?" उस्मानभाईने विचारलं.

"लागला आसंल. डोळ्यावर यायचा म्हनून झाकला हुता."

उस्मानभाई आत बसला आणि नखाने टिकली काढायला लागला. टिकली निघेना. स्क्रू-ड्रायव्हर लावला, तरी निघेना.

"बापू," तो खाली उतरत म्हणाला, "वैनीला टिकलीची कंपनी इच्यारून ठेव. मला हेडच्या पॅकिंगला ह्योच गोंद पायजे."

*

इंजिनाचं काम झाल्यापासून बापू स्वतःला ऑईल प्रेशरचा जाणकार समजतो. त्याच्यासारखे आणखी बरेच आहेत. बॉनेट उघडलं की चारी बाजूंनी डोकी आत येतात आणि उस्मानभाईला उजेड मिळत नाही. म्हणून त्याने एक नियम केला. न विचारता जो सल्ला देईल, त्याने बाकावरच्या सगळ्यांना चहा पाजायचा. नियम पाळला जातो. समोरच्या हॉटेलवाल्याला तर गॅरेजमधून कोण येतंय ते बघूनच कळतं की आज कोणी तोंड उघडलं.

बापूने यातून पळवाट काढून बघितली.

"ट्रॅक्टरचं जाड ऑईल घातलं तर काय व्हतंय? मी सल्ला देत न्हाई, इच्यारतोय फकस्त."

"प्रेशर वाढल्यागत वाटतंय आनि आजार तसाच ऱ्हातोय," उस्मानभाई गाडीखालून म्हणाला. "आनि इच्यारलं तरी चहाच."

*

आता भिवाआण्णा. आण्णांची वस्ती सोनईजवळच. शेळ्या पाळतात, आणि घोडेगावचा जनावरांचा बाजार असला की जुन्या डिझेल जीपमध्ये मागे शेळ्या घालून निघतात. कधी विकतात, कधी घेतात, कधी नेल्या तशा परत आणतात. बाजारात त्यांची एक लिंबाखालची जागा ठरलेली आहे.

मागे एकदा ताप आला म्हणून त्यांचा एक बाजार चुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातले दोन ओळखीचे व्यापारी वस्तीवर हजर. टोप्या डोक्यावरून काढून हातात घेतलेल्या, चाल सावकाश. आण्णा ओसरीवर बसून भाकरी खात होते. दोघे दारातच थबकले.

"आमी आपलं सहज आल्तो," त्यातला एक म्हणाला.

"बसा की," आण्णा म्हणाले. "आजून टाइम हाय."

हा किस्सा आण्णा स्वतःच सांगतात. शेवटी एक वाक्य जोडतात, "बाजारला गेलो न्हाई तर मी हाय ह्ये लोकांला कळनार कसं?"

*

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते तेव्हा आण्णा माझ्याकडे ऑईलचं टोपण घ्यायला आले. इंजिनावर ऑईल ओतायचं तोंड असतं, त्याचं टोपण.

"जुनं कुठं गेलं, आण्णा?"

"पडलं आसंल कुठं. जुनं झालं की पडतंच."

"मग इतके दिवस उघडीच चालवली?"

"न्हाई न्हाई. झाकलेली हुती."

कशाने, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. टोपण खिशात टाकलं आणि निघताना म्हणाले, "शेठ, बोडक्यानं बाजारला जानं बरं दिसत न्हाई. मानसानं न्हाई आन् गाडीनं बी न्हाई."

*

संक्रांत झाली आणि आण्णांच्या जीपचा दिवा लागायला लागला. ते सरळ गॅरेजवर आले, मागे चार शेळ्यांसकट.

उस्मानभाईची काम करायची एक पद्धत आहे. आधी इंजिनातली मापाची काडी काढून ऑईल बघायचं. मग दिव्यावर संशय घ्यायचा. "पैले बघायचं, दिवा खोटा बोलतोय का इंजिन," असं तो म्हणतो. दिव्याचा स्विच बिघडला तर इंजिन ठणठणीत असूनही दिवा लागतो, आणि कितीतरी जणांनी त्या स्विचपायी अख्खं इंजिन खोललेलं आहे. म्हणून तो स्विच काढतो आणि त्या जागी प्रेशर दाखवणारं आपलं काट्याचं गेज बसवतो.

गार इंजिनावर काटा छान वर गेला. आण्णा खूश झाले.

"आता तापू द्या," उस्मानभाई म्हणाला.

जीप तशीच चालू ठेवून सगळे बाकावर बसलो. इंजिन तापत गेलं तसा काटा खाली यायला लागला. बापूने तोंड उघडलं, हॉटेलकडे बघितलं आणि मिटलं.

काटा पार तळाशी आला. दिवा खरं बोलत होता.

तेवढ्यात जीपमधून उतरलेल्या एका शेळीकडे आमचं लक्ष गेलं. मी काउंटरवर नवा फिल्टर काढून ठेवला होता. त्याचा पुठ्ठ्याचा खोका तिने पूर्ण खाल्ला होता आणि फिल्टर चाटून बाजूला ठेवला होता. नवा फिल्टर घातला तरी काटा तसाच राहिला. मी फिल्टर परत घेतला, पण कंपनीने नंतर तो बिनखोक्याचा घेतला नाही. आण्णांचं म्हणणं, शेळीनेच आधी सांगितलं होतं की दोष फिल्टरमध्ये नाही.

*

आण्णांचा मुलगा संतोष पुण्याकडे कंपनीत आहे. आण्णांनी त्याला दिव्याचं कळवलं होतं, म्हणून दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"आण्णा, काटा दाखवा."

आण्णांनी मोबाईल पुढे केला. संतोषला आण्णांचा कान दिसला.

"कॅमेरा फिरवा, आण्णा."

मग शेळी दिसली. शेवटी मोबाईल मी धरला.

"काका, तुम्हीच समजवा यांना," संतोष म्हणाला. "दिवाळीला मी स्वतः वस्तीवर ऑईल बदललं. नवं ऑईल, सगळं माझ्या हातानं. तरी दिवा लागतोय म्हंजे इंजिनच गेलं. रस्त्यात बंद पडली तर मी तिकडनं काय करू?"

तो रागाने बोलत नव्हता. घाबरलेला होता.

"आण्णा, आपलं काय ठरलंय? इंजिन उघडायची पाळी आली तर गाडी भंगारात. आनि शेळ्या बी विकायच्या. शब्द दिलाय तुम्ही."

"दिलाय," आण्णा म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते जीपच्या दांडीला धरून उभे राहिले. उस्मानभाईला म्हणाले, "तू माझा इच्यार करू नगंस. हाय ते सांग."

*

उस्मानभाईने हाय ते सांगायला दोन दिवस घेतले. आण्णा रोज यायचे, बाकावर बसायचे आणि काही विचारायचे नाहीत. तोवर बापूचे तीन चहा झाले. पहिला जाड ऑईलचा. दुसरा, गाडी विकून टाका म्हणाल्याबद्दल. तिसऱ्या वेळी तो आण्णांना नुसतं "काळजी करू नका" म्हणाला, आणि तो सल्ला धरायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली. धरला.

दुसऱ्या दिवशी उस्मानभाईने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला. खालून वरपर्यंत, जागा बदलत बदलत ऐकलं. बेरिंग झिजली असती तर आतून ठकठक ऐकू आली असती, आणि मग इंजिन उघडण्यावाचून इलाज नव्हता.

"काय म्हनतीय?" आण्णांनी न राहवून विचारलं.

"बेरिंगचं दुखनं न्हाई. दुखत आसतं तर कन्हली आसती." त्याने मूठ कानावरून काढली. "घसा बसलाय तिचा. ऑईल हाय, पन वर चढंना. खाली जाळीत काय तरी आडकलंय."

इंजिनाच्या तळाला ऑईल साठतं ते पसरट चेंबर. त्यात एक जाळी असते, आणि पंप तिच्यातूनच ऑईल ओढतो. जाळी बघायची तर चेंबर उतरवावं लागतं.

"म्हंजे उघडायचं का?" आण्णांचा आवाज बारीक झाला.

"आण्णा, उघडनं वरनं आसतंय. ह्ये खालनं बघायचंय."

*

चेंबर उतरवलं त्याच दिवशी संतोष आला. सुट्टी काढून, मोटारसायकलवर. बाजार दुसऱ्या दिवशी होता. आल्या आल्या त्याने जीपखाली उघडं इंजिन बघितलं, हेल्मेट बाकावर ठेवलं आणि म्हणाला, "उघडलंच ना शेवटी. आण्णा, आता बोलू नका काही. उद्या मी भंगारवाल्याला बोलावतो."

आण्णांनी मान हलवली. शब्द दिलेला होता.

"थांब रे," उस्मानभाई गाडीखालून बाहेर आला. हातात जाळी होती. बाकावर जुना पेपर पसरून त्याने ती उलटी धरली आणि आपटली. काळा चिखल पडला. त्याने त्यावर थोडं डिझेल ओतलं, बोटाने पसरवलं. चिखल सुटला आणि आत तपकिरी कुसळं, पातळ पापुद्रे आणि एक-दोन खरबरीत तुकडे दिसायला लागले.

सगळे वाकले. बापूने एक तुकडा उचलून चिमटीत चुरला.

"मक्याचं बुरकुंड हाय ह्ये," तो म्हणाला.

दाणे काढल्यावर कणसाचं जे उरतं ते बुरकुंड. आमच्याकडे टोपण हरवलेल्या प्रत्येक कॅनला, फवाऱ्याच्या डब्याला तेच बूच म्हणून कोंबतात. बापूच्या स्वतःच्या डिझेलच्या कॅनला आहे. डिझेलच्या गार कॅनला ते वर्षानुवर्षं टिकतं. तापलेल्या इंजिनाच्या तोंडावर ते भाजून भुगा होतं आणि भुगा आत पडत राहतो.

"बेरिंग झ्याक, पंप झ्याक, गाडी झ्याक," उस्मानभाई म्हणाला. "पन इंजनात मका पेरला कुनी?"

संतोष पेपरकडे बघत राहिला. त्याची मान वर येईना.

"मीच कोंबलं आसंल," आण्णा म्हणाले.

"तुमी?"

"टोपन हरवलं हुतं. मागं. शेठकडनं नवं न्हेलं की मी." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वय झालं. ध्यानात ऱ्हात न्हाई."

मी हो म्हणालो. टोपण त्यांनी नेलंच होतं, दिवाळीला संतोष ऑईल बदलून गेला त्यानंतर.

उस्मानभाईने जाळी धुतली, चेंबर बसवलं, नवं ऑईल भरलं आणि गेज लावून जीप चालू केली. परत सगळे बाकावर. इंजिन तापलं, पंखा घोंघावला. काटा थोडा खाली आला आणि तिथेच उभा राहिला. हलेना. आण्णा काट्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते. उस्मानभाईने गेज काढून स्विच परत बसवला. दिवा विझलेलाच राहिला.

"उद्या लवकर निघा, आण्णा," तो म्हणाला, आणि मग आपणच सल्ला दिला हे लक्षात येऊन त्याने जीभ चावली.

पण संतोष एव्हाना बाकावर नव्हता. तो समोरच्या हॉटेलातून रस्ता ओलांडून येत होता. एका हातात किटली, दुसऱ्या हातात एकात एक घातलेले ग्लास.

"आरं, आजचा माझ्यावर हाय," उस्मानभाई म्हणाला. "तू तर कायच सल्ला दिला न्हाईस."

"माहिती आहे," संतोष म्हणाला, आणि पहिला ग्लास त्याने आण्णांच्या हातात दिला.