रूथबाईंची स्टेपनी

सन २०२३. ऑक्टोबर नुकताच लागला होता, पानगळ सुरू झाली होती. त्या सहलीचे किस्से कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये आता जे आमच्यासोबत नव्हते तेही सांगतात, आणि सांगणारा दर वेळी रस्त्यात एक दगड वाढवतो. दगड मुळात पुरेसे होते. म्हणून जसं झालं तसं मी लिहितो. माझं शिक्षण चौथी. नागपूरला चाळीस वर्षं ट्रक चालवला.

*

मुलगा संजय आणि त्याचा मित्र नितीन, दोघेही कॉम्प्युटरवाले. नेवाडाच्या माळरानात राहायचं म्हणून त्यांनी कॅरॅव्हॅन भाड्यानं घेतली. पिकअपमागे जोडून ओढायची चाकांवरची खोली. माझ्याकडे इथलं लायसन्स नाही, तेव्हा काकांनी मागे बसून आराम करावा, असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

कंपनीच्या आवारातून ती रिव्हर्स काढायला पाऊण तास गेला. स्टिअरिंगवर संजय. नितीन व्हिडिओ बघून एक सांगे, त्याची बायको वैशाली दुसरं सांगे. शेवटी मी मागे गेलो आणि क्लीनर थोपटतो तसा पत्रा थोपटला. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. पाच मिनिटांत गाडी बाहेर.

हे कुठल्या चॅनेलवर शिकवतात, असं नितीननं विचारलं.

*

दुसऱ्या दिवशी डांबर संपलं. पुढचा रस्ता पन्हळी पत्र्यासारखा. आत वैशालीचे डबे नाचायला लागले. मी म्हटलं, वेग कमी करा आणि टायरमधली थोडी हवा सोडा. नितीन म्हणाला, एक मिनिट काका, चेक करतो. नेटवर्क तासापूर्वीच गेलं होतं. तो मोबाइल खिडकीबाहेर धरून बसला आणि तेवढ्यात कॅरॅव्हॅनचा टायर फुटला.

स्टेपनी चढवताना तो म्हणाला, "काका, तुमचं बरोबर होतं यार."

मी म्हणालो, "पाना दे."

*

पुढची चूक माझी. स्वतःच लिहितो, म्हणजे पोरांना मीठमसाला लावायला नको.

रस्ता एका गाडीपुरता उरला होता. समोरून एक पिकअप आली, मागे गुरांचा ट्रेलर. मी उतरून पुढे झालो आणि संजयला हात केला, डावीकडे घे. चाळीस वर्षांची सवय. इथं उजवीकडे घेतात, हे मला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. संजयनं बापाचं ऐकलं. समोरची गाडीही त्याच बाजूला आली. संजयनं ती चुकवली आणि कॅरॅव्हॅन धारदार खडकावर चढली. दुसरा टायर फाटला. आता स्टेपनी नव्हती.

समोरच्या गाडीतून सत्तरीची बाई उतरली. नाव रूथ. तिनं चाक पाहिलं, मग मला पाहिलं. स्वतःच्या ट्रेलरची स्टेपनी काढून माझ्या पायाशी टाकली. सहा नटांचं चाक, आमच्याला चपखल बसलं. संजय पैसे द्यायला लागला, ते तिनं घेतले नाहीत. इकडे आलात कधी तर आणून द्या, एवढंच म्हणाली आणि आपल्या गोठ्याची वाट सांगून गेली.

त्या रस्त्यावर ती बाई आता स्टेपनीशिवाय फिरणार होती. माझ्या हातामुळे.

*

घरी आल्यावर संजयनं कॅरॅव्हॅन परत केली, रूथबाईंच्या चाकासकट! म्हणाला, बाबा, तिला नवीन ऑनलाइन पाठवू. मी त्याला तसाच परत नेला. कंपनीचा माणूस म्हणाला, आता गाडीला आहे ते गाडीचं. मी त्या चाकाला पाठ लावून खाली बसलो. त्यानं मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं संजयला समजावलं, संजयनं मला. मी उठलो नाही. दोन तासांनी त्यांनी आपलं चाक आणून लावलं आणि तिचं दिलं.

गाडीत संजय चिडून म्हणाला, "बाबा, परवा बुधवारी तुमचं फ्लाइट आहे. जाऊन-येऊन दोन दिवस जातील."

मी म्हणालो, "विमानाला स्टेपनी असेल. त्या बाईकडे नाही. तिकीट कॅन्सल कर."

मी इथं आल्यापासून पहिल्यांदा त्यानं मोबाइल न बघता उत्तर दिलं. म्हणाला, पहाटे निघू.

*

दुपार उलटल्यावर पोचलो. गोठ्यासमोर तोच ट्रेलर उभा होता, एका बाजूला लाकडाच्या ठोकळ्यावर. आत वासरं हंबरत होती. फाटलेलं चाक बाजूला पडलं होतं आणि रूथबाई त्याच्याकडे बघत उभी होती. कधीपासून, ते संजयनं विचारलं. सकाळपासून, ती म्हणाली. वासरं न्यायची तो बाजार संध्याकाळी बंद होणार होता.

मी आमच्या गाडीतून तिचं चाक उतरवलं. ती पाना घेऊन पुढे आली. मी तो तिच्या हातातून घेतला आणि तिला मागे सरायची खूण केली. संजय वाकला, त्यालाही तीच खूण केली. जॅकनं ट्रेलर ठोकळ्यावरून थोडा उचलला, गुडघा मातीत टेकून चाक चढवलं, समोरासमोरचे नट आवळत सहाही आवळले. जॅक हळूहळू सोडला. वासरांचा भार चाकावर आला, आणि मी ठोकळा काढून घेतला.