गोल पाच

फतहल्ला मास्तरांनी इजिप्तमधल्या कफ्र नवार गावच्या सरकारी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. बाकीच्या मास्तरांनी शिकवण्यांवर तिमजली घरं उठवली. हे गृहस्थ मात्र वर्गातच घसा फोडून शिकवायचे. आता याला भोळेपणा म्हणा नाहीतर खुळेपणा! इस्त्रीवाल्या शहाताची राविया त्यांच्याच हाताखाली शिकली, आणि गावातून इंजिनिअरिंगला गेलेली पहिली मुलगी ठरली.

पहिल्याच वर्षी ती नापास झाली. तेही गणितात! शहाता म्हणाला, "पुरे झालं. आता घरी बस."

मास्तरांना ते पटेना. रावियाला घेऊन ते तडक शहरात, कॉलेजात गेले. प्राध्यापकबाईंनी पेपर काढून दाखवला, आणि मास्तरांनी कपाळावर हात मारला.

शाळेत आमचं गणित अरबीत, उजवीकडून डावीकडे. कॉलेजात सगळं इंग्रजीत, डावीकडून. पोरीनं वर्षभर हाताला नवीन वळण लावलं होतं, पण परीक्षेच्या घाईत हात जुन्या वाटेनं गेला. आमच्याकडे पाचाचा आकडा गोल काढतात, शून्य म्हणजे नुसता ठिपका. तिचा प्रत्येक पाच तपासणाऱ्यानं शून्य म्हणून वाचला. चार गणितं गेली.

"उत्तरं बरोबर आहेत, उस्ताद," बाई म्हणाल्या. "पण तक्रार केली तर फक्त गुणांची बेरीज पुन्हा बघतात. पेपर पुन्हा वाचत नाहीत."

"अहो, पण तिला येतंय ना!"

"येतंय. तरी वर्ष पुन्हा करावं लागेल."

परतीच्या गाडीत राविया हळूच म्हणाली, "उस्ताद, मला खरंच गणित येतं ना?" एवढ्या हुशार पोरीवर हे विचारायची पाळी यावी!

गावात उतरून ते थेट शहाताच्या दुकानात शिरले. "चूक माझी आहे," म्हणाले. "तिला परत पाठव."

शहातानं इस्त्री बाजूला ठेवली. "म्हणजे तुम्ही शिकवलंत ते चुकीचं होतं?"

"बरोबर होतं रे. पण ते गावापुरतं होतं."

शहातानं इस्त्री पुन्हा उचलली. मग म्हणाला, "पाठवतो. पण मास्तर, धाकटी तुमच्याच वर्गात आहे. तिला पुढचंही शिकवा."

मास्तर हो म्हणून बसले. पण पुढचं त्यांना तरी कुठं येत होतं? दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न वर्षांचे फतहल्ला मास्तर रावियासमोर वही घेऊन बसले, आणि डावीकडून लिहायला लागले.